लोह्याला बंदर कितीला पडतं?

नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याला रेल्वे नाही. समुद्र साडेपाचशे-सहाशे किलोमीटरवर. तरीही मोंढ्यात सौदे सुरू होण्याआधी आडत्याच्या मोबाइलवर जे आकडे येतात त्यांत शिकागोचं सोयाबीन असतं, मलेशियाचं पामतेल असतं, आफ्रिकेतल्या तुरीचा मुंबई पोचभाव असतो. शेतकरी ते आकडे बघत नाही, पण त्याच्या ढिगाला लागणारी बोली त्यांच्यावरच ठरते.

२०२५ च्या दिवाळीत याच विषयावरून एका मामाचं आणि भाचीचं वाजलं. सप्टेंबरच्या अतिवृष्टीतून उरलंसुरलं सोयाबीन तेव्हा घरात येत होतं. मामा लोहा तालुक्यातले. सोयाबीन, तूर, थोडा कापूस आणि लिंबोटी धरणाच्या पाण्यावर दोन एकर हळद. भाची नांदेडला बी.कॉम. झाली आणि आता उरणजवळ, न्हावा-शेवा बंदरावरच्या आयात-निर्यातीची कागदपत्रं करणाऱ्या एका ऑफिसात नोकरी करते. भाऊबीजेला आईबरोबर आली होती. मी मामांच्या शेजारचा, फराळाच्या निमित्तानं तिथं बसलेलो. बोलणं लिहून घेतलं नव्हतं. आठवतं तसं, थोडं मागंपुढं करून देतो.

मामा : सोयाबीनचा हमीभाव ५,३२८. मोंढ्यात चार हजाराला सुद्धा नाक मुरडायलेत. डाग पडलाय म्हणं. डाग पावसानं पडला, ते कबूल. पण भाव पावसानं नाही पडला. तो तुझ्या बंदरानं पाडला.

भाची : बंदर क्रेन चालवतं मामा. भाव नाही चालवत.

मामा : असं का? मग ऐक. मे महिन्यात कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० वर आणलं. ऑगस्टात कापसावरचं ११ टक्के शुल्क उठवलं, ते डिसेंबरअखेरपर्यंत. तूर मार्च २०२६ पर्यंत बिनशुल्क. पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ पासून मोकाट. तीन पिकं आपण कशामुळं घेतो? एक बुडालं तर दुसरं हाताला लागावं म्हणून. आता तिन्हींवर एकाच दारातून माल उतरायलाय. विमा कंपनीचं सोड, हा तर शेतकऱ्यानं स्वतःचा स्वतः काढलेला विमा होता, तोच बुडाला.

भाची : दार दिल्लीनं उघडलं. बंदरानं नाही.

मामा : दिल्लीनं उघडलं म्हणून दाराचा काही संबंधच नाही? २०२१ आठवतंय का? ऑगस्टात सोयाबीन दहा हजाराच्या वर गेलं होतं. २४ ऑगस्टला कागद निघाला. जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड, १२ लाख टन, आणायला परवानगी. आणि त्या कागदात ठिकाण लिहिलं होतं. एक न्हावा-शेवा, दुसरं बंगालातलं पेट्रापोलचं नाकं. एवढा समुद्रकिनारा देशाला, पण नाव तुझ्याच बंदराचं.

भाची : मग पुढचंही सांगा ना. ऑक्टोबरअखेरपर्यंत आणायची होती पेंड. तेवढ्यात ती सगळी आलीच नाही, मुदत जानेवारीपर्यंत वाढवावी लागली.

मामा : हेच तर म्हणायलोय! सगळी पेंड धक्क्याला लागायच्या आधी भाव निम्म्यावर आला होता.

या वाक्यावर मी फराळाची ताटली खाली ठेवली. पुढे तासभर दोघं भांडले, पण माझ्या मते सगळ्या वादाचं सार या एका ओळीत होतं आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. परवानगीचा कागद ऑनलाइन झळकतो, त्याच संध्याकाळी लातूरच्या गिरणीवाल्याची खरेदी सैल पडते, दुसऱ्या दिवशी लोह्याच्या मोंढ्यात बोली खाली येते. याला ना रस्ता लागतो, ना रेल्वे, ना कंटेनरचा डबा. उलट लोह्याची वस्तू समुद्रापर्यंत न्यायची तर हे सगळं लागतं. बंदर भावाच्या रूपानं आपल्याकडे कधीच येऊन बसलंय. आपण मात्र मालाच्या रूपानं तिथं पोचलेलो नाही. भाचीनं तेव्हा वेगळाच मुद्दा काढला.

भाची : ऑगस्टात आपल्या घरात सोयाबीन होतं का? एक पोतं तरी? दहा हजाराचा भाव ज्यांनी साठवलं त्यांना मिळाला. आणि भाव पडला म्हणता तेव्हासुद्धा तो हमीभावाच्या वर होता. त्या वर्षीचा हमीभाव ३,९५० होता.

मामा : वर होता म्हणून कापला तर चालतो काय? पडला की सरकार म्हणतं बाजार आहे, चढला की म्हणतं कोंबड्या उपाशी मरायल्यात.

भाची : बरं, हिशेब करू. एक क्विंटल सोयाबीन गाळलं तर तेल किती निघतं?

मामा : अठराएक किलो.

भाची : आणि पेंड ऐंशीच्या आसपास. म्हणजे सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीवर जास्त चालतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं होतं. तुम्ही पेढे वाटायचेच बाकी होतात. भाव चढला का? नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक, १५ टक्के ओलाव्याचं सोयाबीन घेऊ म्हणून सांगितलं, तरी मोंढा हमीभावाच्या खालीच. हमीभाव तेव्हा ४,८९२ होता. कारण पेंडीला गिऱ्हाईक नव्हतं. मक्याचं इथेनॉल काढल्यावर जो चोथा राहतो, डीडीजीएस, तो कोंबडीखाद्यात स्वस्तात जायला लागला. तो काही जहाजातून नाही आला, मामा. आपल्याच देशातल्या कारखान्यांतून आला. आणि तिकडे ब्राझीलमध्ये सोयाबीनचं मुबलक पीक. न्हावा-शेव्याला उद्या कुलूप लावलं तरी चोथा राहणारच.

मामा : ब्राझीलचं पीक लोह्यात कसं कळतं मग? कुलूप नाही म्हणूनच ना?

भाची : आणि पेंड बाहेर जाते ती कुठून? आपली पेंड जनुकीय बदल नसलेली, म्हणून युरोपवाले दोन पैसे जास्त देऊन घेतात. ती उडत जाते काय?

मामींनी या वेळी चिवडा आणून ठेवला आणि भाचीला आयताच मुद्दा सापडला.

भाची : हा चिवडा कशात तळला?

मामी : पाकिटातलं तेल. दुकानात जे स्वस्त होतं ते.

भाची : म्हणजे पामतेल. इंडोनेशियाहून आलेलं नाहीतर मलेशियाहून. देश जेवढं तेल खातो त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेरचं. आणि मामा, हळदीला पोटॅश टाकलं ना? पोटॅश या देशात निघत नाही, दाणा न् दाणा जहाजातून येतो. डीएपीचं बरंच तसंच. गेल्या वर्षी रब्बीत डीएपीच्या गोणीसाठी लोक रांगेत उभे होते. चीननं निर्यात आखडली होती, लाल समुद्रात हुथींच्या हल्ल्यांमुळं जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येत होती. तेव्हा कुणी म्हणालं नाही बंदर बंद करा. सगळे विचारत होते, रेक नांदेडला कधी लागणार?

मामा : खत माझ्या वावरात लागतं, तूर माझ्या वावरात पिकते. दोन्ही एकच समजायलीस का?

भाची : बंदराला दोन्ही सारखंच. वजन आणि कागद.

मामा : तेच तर माझं दुखणं आहे.

इथं मी मध्ये पडलो. मला तेर आठवलं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत आपल्या भागाची दोन गावं आहेत, पैठण आणि तगर. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. भरुचच्या बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगराहून साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भरुचला जायची. रोमन बाजाराशी असलेल्या या नात्याच्या खुणा तेरच्या लामतुरे संग्रहालयात आजही बघायला मिळतात. मराठवाडा मागास, समुद्राशी त्याचा काय संबंध, असं म्हणणाऱ्यानं एकदा तिथं जाऊन यावं.

पण नकाशा उघडून बघा. तगराला भरुचपेक्षा कल्याण जवळ. मग माल एवढ्या लांब का जायचा? त्याच ग्रंथात उत्तर सापडतं. कल्याण आधी रीतसर बाजारबंदर होतं, पुढं सत्ता बदलली आणि तिथं अडथळे आले. चुकून तिथं लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरुचला नेली जात. सातवाहन आणि क्षत्रपांच्या भांडणात कोणतं बंदर चालू आणि कोणतं बंद, हे सत्ता ठरवत होती. तगरच्या विणकराला कोण विचारतो!

दोघांनीही ही गोष्ट आपापल्या बाजूनं ओढली.

मामा : बघ, दोन हजार वर्षांपासून हेच. हुकूम दुसऱ्याचा, गाडी आमची.

भाची : बघा, रस्ता नसताना गाड्या जुंपून तीस दिवस गेले ते लोक. दाराला नावं ठेवत बसले नाहीत.

मामा : निजामालासुद्धा कळलं होतं गं. राज्य एवढं मोठं, पण चारी बाजूंनी जमीन. सत्तेचाळीसच्या आसपास मुरगावचं बंदर हाताला लागावं म्हणून पोर्तुगिजांकडून गोवा विकत घ्यायची खटपट केली होती त्यानं. म्हणजे बंदर नको असं मी कुठं म्हणतो? त्याची किल्ली कुणाच्या खिशात आहे, एवढंच विचारायलोय.

मला हे आवडलं. भाचीला बहुतेक नाही, कारण तिनं विषय तिच्या कामावर आणला. त्याआधी बंदराची माहितीपत्रकातली स्तुती तिनं थोडी केली, ती गाळतो. कामाची तेवढी माहिती अशी : न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. मुंबई बंदरात जहाजं आठवडे-आठवडे खोळंबायची, त्याला तोड म्हणून. सुरुवातीला तिथं सुट्या मालाचेही धक्के होते, खतासारख्या मालासाठी. पुढं तेही मोडून डब्यांच्या टर्मिनलला दिले. आता बंदर म्हणजे जवळपास सगळा डब्यांचा कारभार आहे. २०२४-२५ मध्ये वीस फुटी डब्यांच्या हिशेबानं ७३ लाखांच्या आसपास डबे तिथून आले-गेले. बहुतेक धक्के चालवणाऱ्या कंपन्या दुबईच्या, सिंगापूरच्या, डेन्मार्कच्या. सरकार जमिनीचं मालक.

मामा : ७३ लाख डब्यांत नांदेड-लातूरचे किती?

भाची : आपल्या नावानं मोजतच नाहीत. कारण आपला माल बहुतेक डब्यातून निघतच नाही. ट्रकनं निघतो, बंदराजवळच्या गोदामात उतरतो, तिथं डब्यात भरतात. कागदावर तो लोह्याचा नसतो, निर्यातदाराचा असतो.

मामा : डबा इकडं का येत नाही?

भाची : कारण रिकामा डबा तिकडच्या यार्डात असतो. ट्रेलर तिथून रिकामा डबा घेऊन नांदेडला येणार, भरून परत जाणार. भाडं दोन्ही बाजूंचं. हळदीचा व्यापारी म्हणतो त्यापेक्षा ट्रक बरा. आणि गंमत सांगू? लातूरच्या डाळमिलमध्ये आफ्रिकेची तूर येते ना, ती बंदरापर्यंत डब्यातच आलेली असते. तिथं डबा रिकामा करतात आणि तूर ट्रकनं लातूरला येते. तोच डबा भरलेला लातूरला आला असता तर तिथंच रिकामा मिळाला असता, वसमतची हळद भरून परत गेला असता. तुमची तूर पाडणारा डबा तुमची हळद घेऊन गेला असता, मामा.

मामा : म्हणजे एका हातानं मारायचं...

भाची : तसं म्हणा. पण आत्ता काय चाललंय? मार पुरा बसतो आणि दुसरा हात येतच नाही.

भाचीच्या बाजूनं त्या संध्याकाळचा सगळ्यात जोरकस मुद्दा हाच होता. मामांनीही तो पटकन खोडून काढला नाही. मोझांबिकशी २०१६ मध्ये भारतानं करार केला, वर्षाला दोन लाख टनांपर्यंत तुरीचा. टांझानिया, मलावी, म्यानमार यांच्याकडूनही येते. म्यानमारच्या तुरीला बाजारात ‘लेमन’ म्हणतात आणि लातूरचा डाळमिलवाला दिवसाची सुरुवात लेमनच्या भावानं करतो. २०२४-२५ मध्ये देशात तुरीची आयात १२ लाख टनांच्या वर गेली. त्या हंगामात तूर हमीभावाच्या, म्हणजे ७,५५० च्या, आसपास आणि बऱ्याचदा खाली रेंगाळली. त्याच्या आधीच्या वर्षी ती दहा हजाराच्या वर होती. लातूरच्या गिरण्या मात्र या आयातीवरच बारमाही चालतात, हमालाला पावसाळ्यातही काम मिळतं. मामांचा सख्खा चुलतभाऊ त्यातल्याच एका गिरणीत आहे. तो त्या दिवशी तिथं नव्हता, नाहीतर वादाला तिसरं तोंड फुटलं असतं.

मामा : जालन्याला ड्रायपोर्ट होणार होतं ना? तिथं डबे मिळणार होते.

भाची : २५ डिसेंबर २०१५. गडकरी साहेबांनी भूमिपूजन केलं. आमच्याच बंदराचा प्रकल्प.

मामा : आता दहा वर्षं होतील.

भाची : हो.

मामा : दहा वर्षांत आपला माल तिथून रोज जायला लागला का?

भाची : नाही.

मामा : आणि शुल्क उठवायला किती दिवस लागले? कापसाचं एका रात्रीत.

भाची गप्प झाली. मग म्हणाली, “बंदराचं तोंड उत्तरेकडं आहे, हे मान्य.” मालगाड्यांसाठी वेगळी आखलेली पश्चिम मार्गिका, १,५०६ किलोमीटरची, न्हावा-शेवा ते दिल्लीशेजारचं दादरी अशी आहे. पंजाब, हरियाणा, दिल्ली हा या बंदराचा जुना आणि भरवशाचा मुलूख. मराठवाड्याला छत्रपती संभाजीनगरजवळ माळीवाड्याचा डेपो आहे, तो मुख्यतः वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांच्या कामाचा. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्याला जालन्यातून नांदेड जोडणारा १७९ किलोमीटरचा रस्ता व्हायचा आहे, त्याच्या मोबदल्यावरून परभणी-नांदेडच्या शेतकऱ्यांची आंदोलनं झाली. लोह्यातून नांदेड-लातूर रेल्वेची मागणी किती जुनी हे इथल्या म्हाताऱ्यांना विचारा.

मामा : जमीन घेताना मात्र उशीर होत नाही. तुझ्या बंदराला जमीन कुणाची गेली?

मला वाटलं भाची इथं बचाव करील. तिनं केला नाही.

भाची : आगरी-कोळ्यांची. मी राहते तिथली घरमालकीण त्यांतलीच. जानेवारी १९८४ मध्ये जासईला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. नवी मुंबईच्या जमिनींसाठीचं आंदोलन होतं, दि. बा. पाटलांचं. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व आलं आणि पुढं बंदराच्या गावांनीही तेच मागितलं, वर्षानुवर्षं. शेवा गावातल्या कोळ्यांना उठवून हनुमान कोळीवाड्यात बसवलं, त्या जागेला वाळवी लागली. घरं पोखरली. दुसरी जागा मागता मागता एक पिढी संपली. ऑफिसला जाताना कंटेनरच्या रांगेत बस अडकते तेव्हा खिडकीतून हेच दिसतं मला.

मामा : आणि आता वाढवण.

भाची : हो, वाढवण. ७६,२२० कोटींचं. डहाणू तालुक्यात. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पालघरला पायाभरणी केली. तिथं समुद्राला वीस मीटरची नैसर्गिक खोली आहे. आमच्याकडं गाळ उपसून उपसून पंधरा मीटरच्या घरात. वीस-वीस हजार डब्यांची जहाजं आमच्याकडं लागतच नाहीत, आपले बरेच डबे आधी कोलंबोला नाहीतर सिंगापूरला जातात, तिथं मोठ्या जहाजावर चढतात. तो खर्च शेवटी मालावर बसतो, म्हणजे शेतकऱ्यावर.

मामा : समुद्र खोल झाला तर आमच्या मालाला भाव चढेल, असं म्हणायचंय?

भाची : भाडं उतरेल म्हणते.

मामा : उतरलेलं भाडं कुणाच्या खिशात उतरतं? निर्यातदाराच्या. आणि आयातदाराच्याही. ब्राझीलचं तेल आणखी स्वस्तात येईल की.

भाची : येईलही.

मामा : आणि तिथले कोळी?

भाची : लढायलेत. ज्या डहाणू पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं १९९८ मध्ये याच जागी बंदराला नाही म्हटलं होतं, त्यानंच जुलै २०२३ मध्ये हो म्हटलं. बंदर भर टाकून समुद्रात उभं राहणार, जमीन फारशी जाणार नाही, असं सरकार सांगतं. कोळी म्हणतात, समुद्र हीच आमची जमीन.

वाढवणबद्दल माझं मत मामांच्या बाजूला झुकतं, तरी ते म्हणतात त्या कारणासाठी नाही. खोल बंदर देशाला लागेलही. पण किनाऱ्यावर एवढे हजार कोटी आणि जालन्याच्या एका डेपोला दहा वर्षं, या प्रमाणात जर पैसा आणि घाई वाटली जाणार असेल, तर मोठं बंदर लोह्यासाठी फक्त आणखी मोठा आयातीचा नळ ठरेल. बंदराची क्षमता धक्क्यावर मोजतात. ती जालन्यात, नांदेडात मोजायला हवी.

या संवादानंतर आठवड्याभरातच सरकारनं पिवळ्या वाटाण्यावर १ नोव्हेंबरपासून ३० टक्के शुल्क लावल्याची बातमी आली. मामांनी पेपर माझ्याकडे पाठवला, ओळीखाली पेनानं रेघ मारून. भाचीला फोन केला तर ती म्हणाली, जे येऊन गोदामात पडलंय त्याचं काय? दोघंही बरोबर.

त्या संध्याकाळी मात्र वाद शेवटी हळदीवर आला आणि तिथं त्याला वेगळंच वळण लागलं.

भाची : सोयाबीन-तुरीचं राहू द्या. त्यांचा भाव जग ठरवतं. हळदीत आपण ठरवणारे होऊ शकतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नांदेड-हिंगोली-वसमतचे बाजार देशात मोठे, शेजारी निजामाबादला मुख्यालय असलेलं हळद बोर्ड जानेवारीत सुरू झालं. अर्धापूरचे लोक केळी पाठवतात की नाही आखातात? तेरा-चौदा अंशांवर थंड ठेवलेल्या डब्यातून. ते जमतं तर वाळलेली हळद का नाही जमणार?

मामा : माळेगावच्या जत्रेत घोडा घ्यायचा तर गिऱ्हाईक समोर उभं असतं. दात बघतं, चालवून बघतं, नाही पटलं तर तोंडावर सांगून जातं. तुझ्या बंदरातलं माझं गिऱ्हाईक कोण? मला ते कधी दिसणार?

भाची : दिसणार नाही. पण दात तिकडंही बघतात, प्रयोगशाळेत. कुरक्युमिन किती, कीटकनाशकाचा अंश किती, रंगासाठी लेड क्रोमेट मिसळलंय का. माझ्या टेबलावर अडकलेले डबे समुद्रामुळं नाही अडकत, मामा. रिपोर्टमुळं अडकतात. रोज पडून राहिलेल्या डब्याचं भाडं चढत जातं.

मामा : आमच्या हळदीत रंग-बिंग नसतो.

भाची : तुमच्या नसतो. वीस फुटी डब्यात पंधरा-सोळा टन हळद बसते. तुमची दोन एकरांत वाळून किती होते?

मामा : चांगली पिकली तर पन्नास क्विंटल.

भाची : म्हणजे पाच टन. डबा भरायला तुमच्यासारखे तीन जण पाहिजेत. तिघांची हळद एकत्र होणार, नमुना एकच जाणार. एकानं काढणीच्या आधी चुकीचं औषध मारलं असेल तर तिघांचा डबा परत.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी गावातल्या हळद लावणाऱ्यांची नावं मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली असावी, कारण बोटं हलत होती.

मामा : दोघं आहेत माझ्या भरवशाचे.

भाची : मग झाले की तीन.

मामा : एकाची हळद माहीत आहे मला. दुसऱ्याचं वावर त्याच्या पोरानं बटईनं दिलंय यंदा. बटईवाला काय मारतो, मला काय ठाऊक?

भाची : त्याला विचारा.

मामा : विचारीन. खरं सांगायला तो काय मला बांधील आहे? आणि डबा परत आला तर भाडं कोण भरणार, ते आधी कागदावर लिहून पाठव. फोनवर नको.